दोन मोदक, तुपासकट

वजन कमी करायला घेतलं की सुरुवातीचे काही दिवस अंगात भलताच उत्साह असतो. चहातली साखर बंद, भात बंद, बिस्किटं बंद, घरात ओट्स येतात, चिया सीड्स येतात, रात्री न विसरता बदाम भिजत घातले जातात, आणि फ्रिजच्या दारावर एक टाइमटेबल लागतं ज्यात सोमवार ते रविवार सगळे वार एकसारखे दिसतात. आणि मग ऑफिसमधे कुणाच्या तरी मुलीला बारावीत चांगले मार्क पडतात आणि पेढ्यांचा बॉक्स फिरत फिरत आपल्या टेबलापाशी येऊन थांबतो. "घ्या ना मॅडम, एकाने काय होतंय!"

एकाने खरंच काही होत नाही. पण मग अर्धा का घेतला, आणि अर्धा घेऊन तासाभराने उरलेला अर्धाही का उचलला, आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर "आज तसंही मोडलंच आहे" असं कोण म्हणालं, हे प्रश्न उरतात. माझ्या मते वजन कमी करताना खरी गोची इथे आहे. पुरणपोळी, मोदक, मिसळ यांना उगाच बदनाम केलंय.

मी ठाण्यात राहते, बँकेत नोकरी, चाळिशी मागे पडली, आईला डायबिटीस, आणि माझ्या स्वतःच्या रिपोर्टमधे एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ५.७ च्या वर सरकलेली म्हणजे प्रीडायबेटिसच्या पट्ट्यात (६.५ पासून पुढे थेट डायबिटीसच). त्यामुळे हा विषय माझ्यासाठी जीन्सचं बटण लागण्यापुरता नाहीये. आणि आपल्या लोकांचं एक त्रांगडं आहेच, वरून बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात आणि २५ ला लठ्ठपणा, जागतिक निकषांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. तेव्हा "तू कुठे जाड आहेस गं" म्हणणाऱ्या मावश्यांचे प्रेमाने आभार मानायचे आणि पुढे जायचं.

तर पुढे जाताना मधूनमधून गोडधोड खायचं की नाही? यावर महाराष्ट्रात एकमत होणं अवघड. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जे दोन तट पडले होते तसे निवडणुकीलाही पडले नसतील. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे लोक, दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं (मूळ श्रेय ते स्वतः डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात), दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचे लोक, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, घरचं खा, भात खा, तुपाला घाबरू नका. पहिल्या मजल्यावरचे काका मोबाईलवर टायमर लावून जेवायचे आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू टायमर लावूनच खायच्या, फक्त वेगळ्या कारणासाठी. दोघांचंही वजन उतरलं. आणि दिवाळीत दोघांचंही परत आलं, कारण फराळाचा डबा कुठल्याच तटाचा नसतो, तो सगळ्यांकडे जातो.

मी बरंच वाचन केलं तेव्हा दोन जुने प्रयोग सापडले जे वाचून मला फार हायसं वाटलं. एक म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडचा. युद्धावर जायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वतःहून तयार झाले, १९४४ च्या नोव्हेंबरमधे प्रयोग सुरू झाला, आणि आधी बारा आठवडे नेहमीसारखं खायला घालून मग १९४५ च्या फेब्रुवारीपासून त्यांना २४ आठवडे जवळपास अर्ध्या खाण्यावर ठेवलं, बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी असलं काहीतरी. उपासमारीने शरीराचं काय होतं आणि मग त्या माणसांना परत कसं खाऊ घालायचं हे बघायचं होतं. वजनं तर उतरलीच, पण ही मुलं दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायची, रेसिपी जमवायची, ताटं चाटूनपुसून साफ करायची. आता मला सांगा, कडक डाएट चालू असताना रात्री साडेअकरा वाजता अंथरुणात पडून खरवसाचे आणि चीज पावभाजीचे रील्स बघणारी मी काय वेगळं करत होते? नवरा म्हणायचा, "तू बघत बस, मी झोपतो, सकाळी सांग कसा झाला होता खरवस."

दुसरा प्रयोग १९७५ चा, कॉलेजच्या मुलींवर केलेला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना नाही, आणि मग चव सांगायच्या निमित्ताने सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा. ज्या मुली एरवी खाण्याकडे फारसं लक्ष देत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोटच भरलेलं, सरळ हिशोब. पण ज्या सतत जपून खाणाऱ्या होत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं! बांध फुटला की फुटला. म्हणजे घात त्या मिल्कशेकने केलेला नाही, "आता दिवस गेलाच" या हिशोबाने केलाय. हे वाचलं आणि तो पेढा, पेढ्याचा दुसरा अर्धा भाग आणि वडापाव अशी सगळी रांग मला स्वच्छ दिसली.

त्यात वजनाचा काटा आगीत तेल ओततो. रविवारी मनसोक्त जेवलं आणि सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहिलं की किलो-दीड किलो जास्त, आणि आपण मटकन खाली बसतो. पण जरा गणित करून बघा. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरीज गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतात. तूप धरून एक मध्यम पुरणपोळी तीनशे-साडेतीनशेची धरली तरी रोजच्या जेवणावर वीसपेक्षा जास्त पोळ्या झाल्या, तेवढ्या आमच्या आजोबांनीसुद्धा पैज लावून खाल्ल्या नसत्या. काट्यावर दिसतं ते मुख्यतः पाणी असतं, आणि न पचलेलं अन्न. कमी खाऊन शरीरातली साठवणीची साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आटलेलं असतं, ते पिठूळ-गोड खाल्ल्यावर पुन्हा भरतं आणि प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सोबत घेऊन बसतं, वरून मीठ जास्त झालेलं असेल तर आणखी पाणी. दोन-चार दिवस नेहमीसारखं खाल्लं की ते निघून जातं. म्हणून मी सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढतच नाही. गुरुवारी चढते.

पण हेच गणित उलटंही चालतं बरं का, आणि इथे खाण्याच्या बाजूने बोलणारे लोक जरा गप्प बसतात. रोज ४०० कॅलरीज कमी खाल्ल्या तर सहा दिवसांच्या झाल्या २,४००. आता रविवार "आपला" म्हणून सकाळी मामलेदारची मिसळ, त्यावर एक्स्ट्रा पाव, दुपारी बिर्याणी, कोल्ड्रिंक, चार वाजता चहाबरोबर खारी, रात्री तलावपाळीला चक्कर आणि आइस्क्रीम, असा आख्खा दिवस सोडला तर आठवड्याची कमाई एका दिवसात फस्त होऊ शकते, आणि मग सहा दिवस काकडी खाऊनही वजन हलत नाही म्हणून थायरॉइडची टेस्ट करायला जायचं. म्हणून मला आख्खा दिवस मोकळा सोडणं पटत नाही. एक पदार्थ, फार तर एक जेवण. मिसळ खायची ना, मग मिसळच खायची, व्यवस्थित, तिखट, नाक गळेपर्यंत, आणि दुपारी घरी वरणभात.

आमच्याकडे उपवनला सकाळी चालायला येणाऱ्यांचा एक मोठा कंपू आहे. तलावाला फेऱ्या मारतात, हात वर करून मोठमोठ्याने हसतात, टाळ्या वाजवतात, आणि मग सगळे मिळून गरमागरम पोहे नाहीतर वडे खायला जातात. यात चेष्टेचा भाग आहेच, पण मी त्यांच्याकडे बघून शिकलेही. ते रोज जातात ती चूक, पण जे खातात ते चवीने खातात, बसून, एकमेकांच्या खोड्या काढत. आणि आपण? आपण डाएटवाले लोक चोरून खातो, उभ्याने खातो, फ्रिजचं दार उघडं ठेवून खातो.

बायकांचं तर आणखी वेगळं. मी एकदा दिवसभर तोंडात जे जे गेलं ते लिहायला बसले. भाजीत मीठ बघायला घेतलेला चमचा. मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी आणि बटाट्याच्या चार फोडी, कारण टाकवत नाही. डब्यात तळाला उरलेला शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा, डबा धुवायचा होता म्हणून. ऑफिसमधे फेअरवेलच्या केकचा तुकडा, जो मला आवडलासुद्धा नाही, वरचं क्रीम टाळूला चिकटलं नुसतं. हे सगळं मिळून आरामात एका पुरणपोळीएवढं झालं असेल, आणि यातल्या एकाचीही मजा नाही, संध्याकाळी विचारलं असतं तर आठवलंही नसतं. तेव्हापासून माझा हिशोब असा, की वरच्या यादीतलं कमी करायचं आणि पुरणपोळी ठेवायची. मुलाला आता ताटात कमी वाढते, लागलं तर मागून घेतो. उरलेलं ताटातलं मी खायचं नाही असं घरात जाहीर केलंय, सुरुवातीला सासूबाईंना ते फार लागलं, अन्न टाकायचं नाही हे त्यांच्या हाडात आहे आणि ते बरोबरच आहे, पण आता त्याच त्याला दम देतात, "संपव, आई खाणार नाहीये."

गणपतीत तर मला हे अगदी ठळक जाणवतं. त्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरात असूनही तोंडात काही जात नाही, कारण नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही. ओल्या नारळाचं नि गुळाचं सारण परतताना वेलदोड्याचा वास घरभर, उकड निघालेली, तेलापाण्याचा हात लावून मळताना बोटं भाजतायत, पारी पातळ करायची पण फाटू द्यायची नाही, कळ्या पाडायच्या, मग हळूच मिटवत आणून वर टोक काढायचं. एकवीस व्हायलाच हवेत, माझे बारानंतर तिरके यायला लागतात आणि सासूबाई काही न बोलता ते मागच्या रांगेत सरकवतात. आरती होते, पानं वाढली जातात, आणि मग तो क्षण येतो, केळीच्या पानावर वाफाळता मोदक, त्याचं नाक मोडायचं आणि आतल्या सारणात चमचाभर तूप सोडायचं. तूप आत जिरतं, थोडं कळ्यांवरून ओघळतं. एक टेबलस्पून तूप म्हणजे १२० कॅलरीज, हे मला माहीत असतं, त्या वेळीही माहीत असतं. तरी मी दोन मोदक खाते, तुपासकट, आणि भात त्या दिवशी नावालाच घेते. तूप न घेता खाल्लेले चार मोदक आणि तूप घेऊन खाल्लेले दोन यातलं मला दुसरं केव्हाही मान्य आहे. साखरेऐवजी गोळ्या घालून केलेले "हेल्दी मोदक" मला एकीने आणून दिले होते. त्यावर न बोललेलंच बरं.

शुगरच्या दृष्टीनेही यात तथ्य आहे. तेच गोड उपाशीपोटी चहाबरोबर खाल्लं तर रक्तातली साखर झपकन वर जाते, आणि जेवणात आधी कोशिंबीर, भाजी, डाळ-उसळ पोटात गेलेली असेल तर ती जरा हळू चढते. जेवणावर लगेच आडवं न होता थोडं चाललं की आणखी फरक पडतो, आपल्याकडे शतपावली उगाच नव्हती. आम्ही गणपतीच्या दुपारी सगळे खाली उतरून सोसायटीला फेऱ्या मारतो, सासूबाई बाकावर बसून मोजतात.

मला वाटतं, कधी काय खायचं याचं उत्तम टाइमटेबल आपल्या भिंतीवर आधीपासून टांगलेलं आहे, कालनिर्णयच्या रूपात. संक्रांतीला गुळाची पोळी, होळीला पुरणाची, पाडव्याला श्रीखंड, एप्रिल-मे मधे आमरस, गणपतीत मोदक, दिवाळीला फराळ. प्रत्येक पदार्थाला त्याचा दिवस, त्याचा हंगाम, मधे नुसती भाजी-भाकरी. गोची अशी झालीये की आता श्रीखंडाचा डबा बारा महिने फ्रिजमधे असतो, पुरणपोळ्या कुठल्याही मंगळवारी घरपोच येतात आणि आमरस डिसेंबरमधे डब्यातून निघतो. सण रोजच झाला मग सणाला खायचं काय? म्हणून मी हंगामाबाहेरचं घरात आणत नाही. मला डिसेंबरमधे आमरस नको आहे, मला तो मे महिन्यात पाहिजे, वाटीने, गरम पोळीबरोबर, आणि तेव्हा मला कुणी आंब्यातली साखर समजावून सांगायची नाही.

अर्थात कॅलेंडर बघून चालायचं तर त्यावर चतुर्थ्या आणि एकादश्याही आहेत, आणि तिथे आपली जात कळते. एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट सढळ हाताने, बटाट्याचा कीस, वर दही, वेफर्स, संध्याकाळी रताळ्याचे गोड काप. नेहमीचं जेवण याच्यापुढे सोज्वळ वाटावं. माझ्यापुरतं मी ठरवलंय, खिचडी असेल तर ती त्या आठवड्याची चैन, उपास म्हणून हिशोबातून सुटत नाही.

राहता राहिला आग्रह. लग्नाच्या पंगतीत, डोहाळजेवणात, आत्याच्या घरी. नाही म्हटलं की आपल्याकडे तो नकार समजतच नाहीत, सुरुवात समजतात. "नको" म्हटलं की "अगं, अर्धी", "अर्धीसुद्धा नको" म्हटलं की "म्हणजे आवडली नाही वाटतं", आणि मग आत्याचा चेहरा पडू नये म्हणून आपण दोन खातो, त्याही कुरकुरत. यावर मला एक उपाय सापडलाय आणि तो अगदी रामबाण आहे. आपणच आधी मागायचं. बसल्या बसल्या म्हणायचं, "आत्या, तुझ्या हातच्या साटोरीसाठी आलेय, एक मस्त तूप घालून दे." आत्या खूश, साटोरी मला हवी तेव्हा हवी तशी मिळाली, आणि दुसरीला "पुरे गं, मन भरलं" म्हटलं तर ते तिला खरं वाटतं, कारण पहिली मी मागून खाल्लेली असते. नुसतं "मी डाएटवर आहे" म्हणून बघा. पंगतीतले दहा जण दहा सल्ले देतील आणि प्रत्येक जण एकेक जिलबी वाढायला लावेल.

हे सगळ्यांना लागू पडतं असं मी म्हणणार नाही. माझ्या एका मैत्रिणीला एक पेढा जमतच नाही, एक खाल्ला की बॉक्स संपेपर्यंत चैन पडत नाही आणि नंतर दोन दिवस स्वतःला शिव्या. तिला मी "अगं खा एखादा" असं कधीही म्हणत नाही, तिच्यासाठी मिठाई घरात नसणं हेच सुखाचं आहे, आणि आता ती त्यासाठी समुपदेशकाकडेही जाते. ज्याला गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, ललित लेख वाचून मोदकाला हात घालू नये.

माझं वजन उतरतंय, हळू. रिपोर्ट बरे येतायत. कॅलेंडरवर न बसणारी एकच गोष्ट अजून सुटलेली नाही ती म्हणजे कांदाभजी, कारण पाऊस तिथी बघून येत नाही आणि ठाण्यात तो एकदा सुरू झाला की थांबतही नाही. घरी बैठक घेऊन असं ठरवलं, की पहिल्या पावसाला भजी, पुढच्या पावसांना नुसता आल्याचा चहा. मागच्या आठवड्यात संध्याकाळी धो धो कोसळला, मी कांदे चिरले, भजी झाली, सगळ्यांनी ताव मारला. काल परत आभाळ भरून आलं, तर नवरा गॅलरीतून आत येऊन गंभीरपणे म्हणतो, "मागच्या आठवड्यातला वळीव होता, मान्सून वेधशाळेने आज जाहीर केलाय." सासूबाईंनी तोवर बेसनाचा डबा खाली काढलेला होता.